गिरणीची पाटी

मिरजेच्या कस्तुरी लोहारच्या बोटांत चित्रं होती, पण पुण्यातल्या कार्टून स्टुडिओचं दार काही उघडत नव्हतं. थेट अर्ज केला की उत्तर यायचं, "खांबेटे एजन्सीतर्फे या." आणि एजन्सीवाले खांबेटेसाहेब म्हणजे बडं प्रस्थ! "नुसती रेघ बघून कलावंत ओळखतो मी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. स्टुडिओनं कलावंताला परस्पर गाठू नये म्हणून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातली सही मात्र आठवणीनं खोडायचे आणि तिथं आपला शिक्का मारायचे.

वर्ष झालं तरी कस्तुरीला त्यांचं एकच उत्तर, "कळवतो."

तिनं हाय खाल्ली नाही. भरल्या बाजाराचं एक मोठं चित्र काढलं, कोपऱ्यात झोकदार सही ठोकली आणि खांबेट्यांच्या हाती दिलं.

आठवड्याभरात स्टुडिओच्या मालकीणबाईंचा तिला थेट फोन! ती भेटायला गेली, तर कुणकुण लागून खांबेटेसाहेब तिच्याआधीच तिथं हजर आणि तणतणत होते.

"सही मी माझ्या हातानं खोडली होती! हिचा नंबर तुम्हाला मिळाला कुठून?"

मालकीणबाईंनी चित्र पुढं सरकवलं. ऐन मध्यावर पिठाची गिरणी होती आणि तिच्या दारावर ठळक पाटी: 'कस्तुरी लोहार, चित्रकार'. खाली फोन नंबर.

साहेबांचा चेहरा उतरला. "एवढी मोठी पाटी मला दिसली कशी नाही?"

"साहेब, तुम्ही कोपरा बघितलात," कस्तुरी म्हणाली. "चित्र बघितलं असतंत तर दिसली असती."