झुबकीची शेंग बुटात

एक होती खार. एवढीशी. शेपूट मात्र हे एवढं झुबकेदार. म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकीला सापडली भुईमुगाची शेंग. तिची तिने शोधलेली. अगदी पहिली. आता ती आईला दाखवायची.

झुबकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोठ्याच्या दाराशी होता गमबूट. उंच, काळा, नवा कोरा. झुबकी चढली बुटावर. शेंग निसटली. टप्प. गेली थेट बुटात.

आत अंधार. झुबकीला भीती वाटली.

"बुटा बुटा, माझी शेंग दे."

बूट रुसला होता. म्हणाला, "मला कुणी घालतच नाही. काका मला घालतील, तर शेंग देईन."

झुबकी गेली तुरुतुरु. निवृत्तीकाका शेतात निघाले होते. अनवाणी. अंगठ्याला चिंधी.

"काका काका, बूट घाला. बूट शेंग देईना. मी आईला दाखवू काय?"

काका म्हणाले, "बूट लई चावतो, पोरी. मोजे मिळाले, तर घालीन."

बुटाला दात कुठे असतात? झुबकीला काही कळेना.

झुबकी गेली तुरुतुरु. गोदाकाकू अंगण झाडत होती.

"काकू काकू, मोजे दे. काका बूट घालेनात, बूट शेंग देईना. मी आईला दाखवू काय?"

काकू म्हणाली, "एकच मोजा हाय. दुसरा शेळीनं पळवला. शेळी मोजा सोडंल, तर जोडी देईन."

झुबकी गेली तुरुतुरु. शेळी मोजा चघळत होती. मचमच, मचमच.

"शेळी शेळी, मोजा सोड. काकू मोजे देईना, काका बूट घालेनात, बूट शेंग देईना. मी आईला दाखवू काय?"

शेळी म्हणाली, "शेवगा पाला देईल, तर मोजा सोडीन."

झुबकी गेली तुरुतुरु.

"शेवग्या शेवग्या, पाला दे. शेळी मोजा सोडेना, काकू मोजे देईना, काका बूट घालेनात, बूट शेंग देईना. मी आईला दाखवू काय?"

शेवगा म्हणाला, "वारा मला हलवेल, तर पाला देईन."

वारा कुठे होता? कडब्याच्या गंजीवर. गाढ झोपला होता. घुर्र, घुर्र.

"वाऱ्या वाऱ्या, ऊठ. शेवगा पाला देईना, शेळी मोजा सोडेना, काकू मोजे देईना, काका बूट घालेनात, बूट शेंग देईना. मी आईला दाखवू काय?"

वारा उठेना. घुर्र, घुर्र.

झुबकीला रडू आलं. तिने शेपटीने डोळे पुसले. शेपटी लागली वाऱ्याच्या नाकाला. गुदूगुदू, गुदूगुदू.

आ... आ... आक्छी!

वारा उठला. शेवगा हलला. सळसळ, सळसळ. पाला पडला. शेळीने तोंड उघडलं. मोजा सुटला. काकूने मोजा धुतला, वाळवला. काकांना जोडी दिली.

काकांनी मोजे घातले. बूट उचलला. काकू म्हणाली, "आधी झटका. मग घाला."

काकांनी बूट उलटा केला. ठक ठक.

बाहेर आला विंचू. काळा, नांगी वर. गेला दगडाखाली.

काका पायाकडे बघत राहिले. म्हणाले, "वाचलो गं, गोदा."

पुन्हा ठक ठक. टप्प. बाहेर आली शेंग.

झुबकीने शेंग उचलली आणि पळाली आईकडे. आईने शेंग फोडली. आत दोन दाणे. एक आईला, एक झुबकीला.

आता काका रोज बूट घालतात. संध्याकाळी बूट काढला, की त्यात एक शेंग टाकतात. सकाळी झुबकी दाराशी हजर. काका बूट उलटा करतात.

ठक ठक. टप्प.