पानमळेवाला आणि बांधावर बसणारा कुंभार

नदीकाठच्या एका गावात एक पानमळेवाला होता. त्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. संध्याकाळी ती लांब का होते, म्हणून तिच्याकडेही तो वाकडं बघायचा.

माणूस ख्रिस्ती होता. रोज सकाळी मळ्यात एकटा बसून प्रभूशी बोलायचा. पण ही गोष्ट त्यानं लागवडीसाठी राखलेल्या बेण्यासारखी झाकून ठेवलेली. चर्चचे पाळकबाबा म्हणायचे, तुला मिळालंय ते चार माणसांना सांग. हा मनात म्हणायचा, सांगितलं की लोक म्हणणार बाटवायला निघालाय, आणि ऐकणारा उद्या काहीतरी मागत येणार. नकोच ते.

त्याच गावात एक कुंभार होता. वैशाखात त्याची सहा वर्षांची लेक तापानं गेली. तेव्हापासून त्याचं चाक थांबलं, आणि बायकोनं तर बोलणंच सोडलं. हा कुंभार सकाळी मळ्याच्या बांधावर येऊन बसू लागला. दादा, रोज कुणाशी बोलता, असं त्यानं दोनचारदा विचारलंही. मळेवाल्यानं एकदा सांगितलं बैलाशी, एरवी नुसता खेकसला.

मळेवाल्याची बायको म्हणाली, "अहो, लेक गेलीय त्याची. बसतो घटकाभर तर बसू द्या की."

"लेक गेली हे खरं. पण दुःखी माणूस चोरी करत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

आता पानवेलीचं असं असतं, की ती वर वर चढत गेली की पानं बारीक होत जातात. म्हणून दरसाल तिला झाडावरून खाली उतरवायची, वेटोळं करून मातीत पुरायची. तिथून ती नव्या जोमानं फुटते. हे काम एकट्याचं नाही. पण गडी लावले तर बेणं चोरीला जाईल, या भीतीनं मळेवाल्यानं दोन वर्षं कुणाला आत घेतलं नव्हतं. तळहाताएवढं पान दोन बोटांवर आलं होतं. आणि त्याचाही संशय त्याला कुंभाराच्या नजरेवरच.

शेवटी त्यानं ठरवलं, याला पकडायचाच. चांगल्या बेण्याची मोळी बांधून मळ्याच्या तोंडाशी उन्हात ठेवली आणि कोयता घेऊन, वेली चढवायला लावलेल्या शेवरीच्या झाडांआड दबा धरून बसला.

कुंभार आला. मोळी दिसली तशी पानमळ्याच्या रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढून आत आला. मोळी उचलली. मळेवाल्याची मूठ कोयत्यावर आवळली. कुंभारानं मोळी सावलीत नेऊन ठेवली, पाटातलं ओंजळभर पाणी तिच्यावर शिंपडलं आणि परत बांधावर जाऊन बसला.

तरी मळेवाला बाहेर आला तो तावातच. "काय पाहिजे तुला? एकदाचं बोलून टाक."

"बेणं नको मला. मी कुंभार, वेल काय चाकावर लावू?" कुंभार म्हणाला. "तुम्ही रोज कुणाशी तरी बोलता. आधी भांडता, मग गप होता, आणि उठताना तोंड निवळलेलं असतं. माझ्या घरात चार महिने कुणाचं तोंड निवळलं नाही. तो कोण, एवढंच सांगा."

मळेवाला बांधावर त्याच्या शेजारी बसला. म्हणाला, "मी सख्ख्या भावावर बेणं चोरल्याचा आळ घेतला होता. तो गाव सोडून गेला आणि परमुलखात मेला. मग कळलं, चोर दुसराच. माफी मागायला माणूसच उरला नाही. तेव्हा एकानं मला येशूचं नाव सांगितलं. त्याच्याकडे मागितली, त्यानं दिली. त्याच्याशी बोलतो."

कुंभार म्हणाला, "आणि आता माझ्यावर तोच आळ."

मळेवाल्यानं कोयता बाजूला ठेवला. "चुकलो. तुझी लेक का गेली, ते मला ठाऊक नाही. पण त्याच्यापाशी रडायला आलेल्याला तो हाकलत नाही. मी हाकलतो. तो नाही."

त्या दिवशी दोघांनी मिळून वेली उतरवायला घेतल्या. काम करता करता मळेवाला सांगत गेला, अडखळत, तोडक्यामोडक्या शब्दांत. जिथं येत नव्हतं तिथं येत नाही म्हणाला. इतकी वर्षं जे नुसतं पाठ होतं, ते दुसऱ्याला सांगताना त्याचं त्यालाच उमगू लागलं.

दुसऱ्या सकाळी कुंभार बायकोला घेऊन आला. मळेवाल्याच्या मनात आलंच, हिला कशाला आणलं यानं? खोड एका दिवसात जाते होय? पण तो उठला, बांधावरचा पालापाचोळा हातानं झाडला आणि दोघांना बसायला सांगितलं.

ती बाई चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"माझ्या लेकीचं नाव सांगू का त्याला?"

"सांग, बाई," मळेवाला म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

तात्पर्य: प्रभूनं दिलेलं दडवून ठेवणारा माणूस आधी संशयी होतो, मग खुजा. दाराशी आलेल्याला चोर ठरवण्याआधी, त्याला काय हवंय ते विचारावं.