यल्लूची वीत

ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची, ते खडकवढ्यात कुणालाच नक्की ठाऊक नाही. आमच्या शाळेला तेव्हा तीनच भिंती होत्या, एवढं मात्र सगळे सांगतात. चौथ्या बाजूने वारा यायचा, शेळ्या यायच्या, आणि केरू गुरुजी शेळ्यांनाही हाकलायचे नाहीत.

पोरांकडून पाढे घोकून घेणं या गुरुजींना कधी जमलं नाही. चिंचोके मांडून बेरीज, राखेत बोट फिरवून अक्षरं, करवंट्यांचा तराजू करून वजन, अशी त्यांची शाळा. पोरांचे हात सदा बरबटलेले आणि आया सदा वैतागलेल्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर जन्मात बेरीज चुकलं नाही, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात चौथी भिंत बांधायला वडारी माणसं आली. त्यांच्यात आठ वर्षांची यल्लू होती. बाप दगड घडवायचा आणि ही पोरांत येऊन बसायची.

पाया रचून झाला तेव्हा गुरुजींनी पोरांना त्याची लांबी वितीने मोजायला लावली. कुणाच्या छत्तीस विती भरल्या, कुणाच्या चव्वेचाळीस. जो तो आपलीच वीत खरी म्हणून भांडायला लागला. पुन्हा मोजलं तर जो तो स्वतःचाच पहिला आकडा खोटा पाडून बसला. बदलला नाही तो एकट्या यल्लूचा. दगड उचलून तिचा पंजा घट्ट झाला होता, ताणला की ढळायचा नाही. तिने दहा वेळा मोजलं आणि दहाही वेळा चाळीसच भरल्या. गुरुजींनी ठरवून टाकलं, या शाळेत यल्लूची वीत खरी.

मग रोज भिंतीची उंची मोजायचं काम तिच्याकडे आलं. वीस विती झाल्या की छप्पर टेकणार होतं, आणि छप्पर टेकलं की वडारी पुढच्या गावाला जाणार होते. भिंत वाढली की पोरं नाचायची. यल्लूचा आवाज मात्र रोज थोडा खाली यायचा. गुरुजींना ते कळत होतं. त्यांनी भिंतीत एक कोनाडा मागितला, मग दुसरा, मग तिसरा. तेवढंच काम लांबायचं. यल्लूचा बाप मागतील तेवढे कोनाडे करत गेला. आजही त्या भिंतीला सात कोनाडे आहेत आणि सहा रिकामे आहेत. एकोणीस विती झाल्या त्या दिवशी यल्लूने आकडा सांगितलाच नाही.

छप्पर टेकायचं ते टेकलंच. गाढवांवर सामान लादलं गेलं. गुरुजींनी बांबूची एक कामटी घेतली, यल्लूचा पंजा तिच्यावर ठेवून बरोबर तेवढी कापली आणि सातव्या कोनाड्यात ठेवली.

"म्या मोठी झाले की ही खोटी पडंल, गुरुजी," यल्लू म्हणाली.

"मग येऊन खरी कर."

एवढंच बोलणं झालं, असं म्हणतात.

पुढच्या वर्षी पोरांनी त्या कामटीने भिंतीची लांबी मोजली, ती एकोणचाळीस भरली. त्याच्या पुढच्या वर्षी अडतीस. भिंत आखडतेय म्हणून गावात एकच गोंधळ. गुरुजी मात्र कामटी छातीशी धरून वर्गभर फिरले. भिंत होती तेवढीच होती, कामटी वाढत होती. "पोरगी वाढतेय," ते म्हणाले. "कुठं का असेना, पोटभर खातेय."

असं करत करत भिंत तिसावर आली आणि मग दर वर्षी तीसच भरायला लागली. लोक म्हणाले, पोर गेली असणार. गुरुजी जन्मात पहिल्यांदा चिडले. हात वाढायचा थांबला म्हणजे पोर बाई झाली, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी सगळ्या गावाला सुनावलं. त्यानंतर ते रोज दाराकडे तोंड करून शिकवायचे. शिकवता शिकवता रस्त्याकडे बघायचे आणि वाक्य अर्धंच राहायचं. यल्लू आली नाही. एक दिवस गुरुजीही गेले.

गावातले शहाणे म्हणायचे, गुरुजीच गुपचूप नवी कामटी कापून ठेवत होते. ठेवतही असतील. म्हाताऱ्याला तेवढी तरी सोबत.

आजही आमच्याकडची मुलगी सासरी निघाली, मुलगा नोकरीला निघाला, की निघणारा आधी शाळेत जातो. भिंतीवर पंजा ताणून एक वीत टेकवतो. मागे राहणारे त्याला नुसतं 'ये' म्हणत नाहीत, 'येऊन खरी कर' म्हणतात. आणि शाळा उघडते त्या दिवशी पोरं सातव्या कोनाड्यातली कामटी काढून भिंत मोजतात.

यंदा ती एकतीस भरली. पोरांनी पुन्हा मोजली, एकतीसच. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. म्हातारपणी हात आखडतो, हे त्यांना कुणी सांगायला नको. यल्लू आज किती वर्षांची असेल, एवढं एक गणित आमच्या गावात कुणी करत नाही. पोरांनी कामटी जागच्या जागी ठेवली आणि सगळी पोरं दाराकडे तोंड करून बसली.