साळिंदराची उघडी पाठ

मुलांनो, सागाच्या एका रानात, ओढ्याकाठच्या बिळात एक साळिंदर राहत असे आणि त्याला गोष्टी लिहिण्याचा भारी नाद होता. अंगावरचा एखादा काटा आपोआप गळून पडला की ते त्याची लेखणी करी, जांभळाच्या रसात बुडवी आणि पळसाच्या पानावर गोष्ट लिही. एका काट्याचे टोक एका गोष्टीपुरतेच टिके. मग पुढचा काटा गळेपर्यंत साळिंदर रात्री रानभर भटके, कंदमुळे खाई आणि आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे दिवसा गाढ झोपे.

एका संध्याकाळी त्याने आपली गोष्ट झाडावरच्या वानरांना वाचून दाखवली. वानर बेहद्द खूश झाले. फांद्या गदागदा हलवत ते ओरडले, "वाहवा! उद्या नवी गोष्ट हवी हं!" झाले, साळिंदराच्या डोक्यात हवा गेली. गळलेला काटा नव्हता, म्हणून त्याने अंगावरचाच एक उपटला. दुखले, पण गोष्ट झाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक उपटला, आणि मग रोज उपटता उपटता काही महिन्यांत पाठ उघडी पडत चालली. आता ते दिवसा लिहीत बसे आणि रात्री, उद्या काय लिहावे या काळजीने नुसते कूस बदलत राही. खाण्याची शुद्ध राहिली नाही. डोळे खोल गेले, आणि गोष्टीत राजा असो की उंदीर, तो दमलेला आणि उपाशीच असे. बिचाऱ्याला दुसरे सुचणार तरी काय?

शेजारच्या कपारीतली म्हातारी घोरपड हे सारे बघत होती. न राहवून ती म्हणाली, "अरे, पाठ बघ जरा आपली! काटे काय लिहिण्यासाठी दिलेत देवाने? दोन घास खा आणि झोप."

"मावशी, आत्ता कुठे नाव होतंय," साळिंदर जांभई देत म्हणाले. "थांबलो तर वानर विसरतील मला. झोप काय, नंतरही घेता येईल."

त्याच संध्याकाळी ते बिळाच्या तोंडाशी गोष्ट वाचत असताना झुडपातून बिबट्या पुढे आला. सवयीप्रमाणे साळिंदराने त्याच्याकडे पाठ केली आणि काटे फुलवायला अंग झाडले. कुठले काटे नि कुठले काय! साधा खुळखुळ आवाजसुद्धा झाला नाही. बिबट्याचा पंजा उघड्या पाठीवर पडला. साळिंदर किंचाळत कसेबसे बिळात घुसले. बिळाचे तोंड अरुंद म्हणूनच वाचले. पाठ रक्ताने माखली होती. आणि वर झाडावर वानर काय म्हणत होते, ठाऊक आहे? "झकास! उद्या यावरच गोष्ट लिही रे!"

ते ऐकून साळिंदराला रडूच फुटले. बिबट्या कंटाळून निघून गेल्यावर घोरपड एक कंद तोंडात धरून आत आली. "मग, लिहिणार का उद्या?" तिने विचारले.

"नाही मावशी," ते हळूच म्हणाले, "फार दमलोय मी."

त्याने कंद सावकाश चावून खाल्ला आणि अंगाचे मुटकुळे केले. दुसऱ्या संध्याकाळी वानर बिळापाशी जमले. हाका मारून मारून त्यांचे घसे बसले. आतून फक्त घोरण्याचा आवाज येत होता.

तात्पर्य : लिहिणाऱ्याने पोटभर जेवावे, वेळेवर झोपावे आणि मग लिहावे, वाहवा करणारे जखम बांधायला येत नाहीत.