झोळीटेकचा दवाखाना

पेंढरीहून हातोळ्याला जाणाऱ्या घाटात, खिंडीच्या अलीकडे दोनशे पावलांवर, काळ्या दगडाचा एक दवाखाना उभा आहे. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. पेंढरी खाली सव्वा कोसावर, हातोळे खिंडीपलीकडे साधारण तेवढ्याच अंतरावर. बाहेरून आलेला माणूस आधी इमारत बघतो, मग भोवतीचा माळ बघतो आणि हसून म्हणतो, "सरकारी काम!" मी एकतीस वर्षे सरकारी कामच केले, त्यामुळे त्या हसण्याचा मला राग येत नाही. ते बहुतेक ठिकाणी बरोबरच असते. इथे मात्र चुकते. बसा घटकाभर या पायऱ्यांवर. या जागेला झोळीटेक का म्हणतात, ते जसे ऐकले तसे सांगतो.

जिल्हा परिषदा यायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी जिल्ह्याचा कारभार लोकल बोर्ड बघत असे. या बाजूला एक दवाखाना द्यायचे बोर्डाने ठरवले आणि तिथून भांडण सुरू झाले. पेंढरीकर म्हणत, आमच्याकडे बाजार भरतो, दवाखाना आमचा. हातोळेकर म्हणत, बाजार त्यांना, मग दवाखाना तरी आम्हाला. हा वाद म्हणे नऊ वर्षे चालला. तेवढ्या काळात दोन्ही गावांत माणसे आजारी पडत होती, बरी होत होती, मरत होती, पण वादाची प्रकृती उत्तम होती.

दवाखाना कुठे बांधायचा हे ठरले नसले तरी तो कोणी बांधायचा हे ठरले होते. काम शेवाळे नावाच्या कंत्राटदाराकडे होते, आणि त्यांनी सगळा घडीव दगड पेंढरीच्या चावडीमागे आणून टाकलाही होता. ठराव नव्हता, दगड होता. असे कधी कधी होते. मी अधिक काही बोलत नाही.

या सगळ्यात तिसरी वस्ती कोणाच्या डोक्यातच नव्हती. खिंडीच्या वर, सड्यावर, म्हणजे माथ्याच्या कातळी पठारावर, धनगरवाडा आहे. तेव्हा तिथे बावीस घरे होती. बोर्डाच्या नकाशात त्यातले एकही नव्हते. नकाशा काढणारा माणूस म्हणे वरचा चढ बघून खालूनच परत गेला आणि सड्याच्या जागी त्याने नुसती झुडपे काढली. पुढची तीस वर्षे सरकारदरबारी तिथे झुडपेच राहत होती.

शेवटी बोर्डाच्या दवाखाना समितीचे अध्यक्ष आबासाहेब खर्शीकर स्वतः जागा बघायला आले. माणूस वाईट नव्हता. अंगाने भरलेला, बोलायला गोड, आणि दोन्ही गावांना "तुमचेच काम करतो" असे सांगितलेला. सोबत शेवाळे, समितीवर असलेले दोन्ही गावांचे पाटील आणि अंतर मोजायला साखळी घेतलेला ओव्हरसियर. सल्ल्यासाठी तालुक्याहून डॉक्टर सबनीसांनाही आणले होते. पण पेंढरीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांच्याभोवती रोग्यांची रांग लागली आणि ते तिथेच अडकले. दवाखाना कुठे असावा हे डॉक्टरला विचारायचे राहून गेले, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

मंडळी खिंडीत पोचली आणि साखळी पसरली. हातोळ्याचे पाटील म्हणाले, "खिंडीपासून आमचं गाव जवळ."

"साखळी ढिली धरल्यावर सगळंच जवळ येतं, पाटील," पेंढरीचे पाटील म्हणाले.

तेवढ्यात वरून झोळी आली.

कळकाच्या दांड्याला घोंगडी बांधलेली, पुढे एक माणूस, मागे एक. खांदा बदलायला आणखी दोघे निघाले होते, पण सड्यावरून उतरताना एकाचा पाय मुरगळला आणि त्याला तिथेच बसवून यावे लागले. उरलेले तिघे दिवस उगवल्यापासून चालत होते. खिंडीत येताच त्यातला एक मटकन खाली बसला. त्याच्या खांद्याचे सालपट निघाले होते. झोळीबरोबर एक म्हातारी चालत होती. तिचे नाव ठकूबाई.

आबासाहेबांनी विचारले, "कोण आहे झोळीत?"

"माझी सून, भिवरा. दोन दिस झालं, अडलीया."

"दोन दिवस? मग इतका उशीर का केलात, बाई?"

"उशीर आमी न्हाई केला, सायेब," ठकूबाई म्हणाली. "दवाखाना तुमी लांब केलाय."

बसलेल्या माणसाला उठवत नव्हते. दुसऱ्याचा गुडघा सुजला होता. धड असा एकच उरला. ठकूबाईने सगळ्यांकडे बघितले. "एक टोक ह्यो धरंल. दुसरं कोन धरतंय?"

हातोळ्याच्या पाटलांनी पेंढरीच्या पाटलांकडे पाहिले, पेंढरीच्या पाटलांनी आभाळाकडे. शेवाळे म्हणाले, "माझा खांदा लहानपणी उतरलेला आहे." ओव्हरसियरच्या हातात साखळी होती, आणि सरकारी वस्तू रस्त्यात कशी टाकणार? उरले आबासाहेब. सबब त्यांनाही हवी असणार, पण त्यांच्या सबबी नेहमी त्यांचा कारकून लिहून देत असे, आणि तो त्या दिवशी आला नव्हता.

आबासाहेबांनी छत्री शेवाळ्यांच्या हातात दिली, ओव्हरसियरला साखळी टाकून डॉक्टरांना आणायला पळवले, आणि कळक खांद्यावर घेतला.

उतारावर ओझे मागून ढकलते. हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण तोवर घाट त्यांनी तट्टावर बसूनच पाहिलेला. पन्नास पावलांवर घाम सुटला. शंभरावर गुडघे थरथरायला लागले. झोळीतले कण्हणे आधी मोठे होते, मग बारीक झाले. ठकूबाई घोंगडीत हात घालून चालत होती. "बोल गं भिवरे. शिव्या दे मला हव्या तर. पर झोपू नगंस."

दोनशे पावलांवर आबासाहेबांचे पाय संपले. तिथे एक सपाट कातळ होता. त्यावर त्यांनी झोळी टेकवली आणि बाजूला बसून म्हणाले, "आजी, माझ्याच्यानं होत नाही."

म्हातारी रागावली नाही. "बरी जागा हाय, सायेब. आता हितनं हलवायचं न्हाई तिला. डागदराला वर येऊ द्या."

शेवाळे म्हणाले, "अहो, सव्वा कोस तर राहिलंय. उतारच आहे."

"उतारच हाय तर तू घे की खांद्यावर."

शेवाळ्यांनी छत्री उघडली आणि भिवरेच्या डोक्यावर धरली. त्या दिवसातले त्यांचे हे पहिले उपयोगाचे काम, असे सांगतात.

डॉक्टर सबनीस पिशवी पाठीला मारून धावतच वर आले. पुरुषमाणसे लांब पाठ करून बसली. आबासाहेबांनी आयुष्यात पुष्कळ बैठकांना हजेरी लावली होती, पण ही सगळ्यांत लांबली असे ते पुढे सांगत. मागून डॉक्टरांचा आवाज येत होता, ठकूबाईचा येत होता, भिवरेचा येत नव्हता. शेवटी त्यांना राहवेना. हात जोडून ते म्हणाले, "ही पोर वाचली तर दवाखाना इथंच बांधीन."

ठकूबाईच्या कानावर ते गेले. सुनेचा हात न सोडता तिने विचारले, "आन् न्हाई वाचली तर? मग कुटं बांधनार?"

शपथ आपण घेतली, पण अट मात्र त्या पोरीच्या जिवाला घातली, हे आबासाहेबांना तेव्हा कळले. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"तरी इथंच," ते म्हणाले. "आणि यापुढे झोळी खांद्यावर घेतल्याशिवाय मी कुठल्याही कामाची जागा ठरवणार नाही."

दिवस कलायच्या आत मूल रडले. मुलगी होती. कातळावर जन्मली म्हणून तिचे नाव धोंडा. मग भिवराही बोलली. पहिले वाक्य काय बोलली ते सांगण्यासारखे नाही, पण ते नवऱ्याविषयी होते आणि ते ऐकून ठकूबाई रडायला लागली.

काही लोक सांगतात की त्याच क्षणी कातळाला पाझर फुटला. मला ते पटत नाही. पाझर आधीपासून होता. पण चमत्कार झाला हे मात्र खरे. समितीने जागेवर, त्याच दिवशी, एकमताने ठराव केला. आमच्या खात्यात याहून मोठा चमत्कार ऐकिवात नाही. एकमताचे कारणही सांगून टाकतो. आपल्याला दवाखाना मिळाला नाही याचे दोन्ही पाटलांना दुःख होते, पण दुसऱ्यालाही मिळाला नाही याचे समाधान त्याहून मोठे होते.

शेवाळे तेवढे म्हणाले, "दगड खाली पडलेत. ते वर आणायची तरतूद अंदाजपत्रकात नाही."

"ऱ्हाऊ दे," ठकूबाई म्हणाली. "तुझं अंदाजपत्रक बी खालीच ऱ्हाऊ दे. दगूड आमी आनतो."

आणि आणले. बावीस घरांतल्या बाया-माणसांनी सुरुवात केली. चार दिवस बघून पेंढरीकरांनी हात लावला, आणि पेंढरीकरांनी लावला म्हटल्यावर हातोळेकरांना लावावाच लागला. उंबऱ्याचा दगड, असे सांगतात, शेवाळे स्वतः खांद्यावर घेऊन आले. लहानपणी उतरलेला खांदा तोवर बरा झाला असावा. डॉक्टर सबनीसांनी बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत ते इथेच राहिले. तिन्ही वस्त्यांतली किती माणसे या उंबऱ्यावरून आत आडवी गेली आणि बाहेर चालत आली, त्याची गणती नाही. माझी आई त्यांतलीच एक.

आबासाहेब थोडे धडधाकट असते तर दवाखाना पेंढरीत गेला असता आणि धनगरवाड्याच्या नशिबी पुन्हा झुडपेच आली असती. म्हणून इकडे लोक कोणाच्या कर्तृत्वाचे नाही, आबासाहेबांच्या गुडघ्यांचे उपकार मानतात. पुष्कळ पुढाऱ्यांच्या आख्ख्या कारकिर्दीला एवढे पुण्य लाभत नाही.

आजही या तीन वस्त्यांचे कोणतेही काम, मग ती पाण्याची टाकी असो की शाळेची खोली, झोळी उचलल्याशिवाय ठरत नाही. धनगरवाड्यातून झोळीत एक आजारी माणूस बसवायचा, एक टोक सभापतींच्या खांद्यावर, दुसरे ठेकेदाराच्या, आणि झोळीटेकपर्यंत उतरायचे. मग जागेची चर्चा. त्या चर्चेत कोणी फार लांबण लावत नाही, आणि टाकी कुठे नको हे तर सगळ्यांना वाटेतच कळलेले असते. वरिष्ठ कार्यालयाने एकदा खुलासा मागवला होता की, झोळी म्हणजे काय, व ती कोणत्या नियमाखाली उचलली जाते. "झोळी म्हणजे घोंगडी व कळक," असे मी कळवले. नियमाचा मुद्दा मी विसरलो, आणि सुदैवाने तेही विसरले.

अलीकडे मात्र अडचण येते. वरपर्यंत गाडी जाते, परिचारिका घरोघर फिरते, आणि झोळीत बसवायला आजारी माणूस मिळत नाही. गेल्या वर्षी टाकीची जागा ठरवायला सभापती वनिताताई काळोखे ठेकेदाराला घेऊन वर गेल्या. धनगरवाड्यात सगळ्यांत वडील आता धोंडाबाई. ऐंशी कधीच उलटली. त्या दिवशी नेमके काय घडले होते असे कोणी विचारले तर म्हणतात, "मला काय ठावं? मी तवा नुकतीच आल्याली."

वनिताताई त्यांना म्हणाल्या, "आजी, बसा झोळीत. मान तुमचाच."

"मला काय झालंय?" धोंडाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून चालायला लागल्या.

मग सभापती आणि ठेकेदार रिकामी झोळी घेऊन मागून निघाले. धोंडाबाई दवाखान्यात पोचल्या, परिचारिकेशी गप्पा मारल्या, पाझराचे पाणी प्यायल्या आणि परत घरी निघाल्या. झोळी त्यांना खिंडीच्या वरच्या वळणावर भेटली. ती अजून उतरतच होती.