तीन लाखांचा बैल

महाराज पुन्हा हरले! डोंगरझरीचे महाराज धैर्यशीलराव संगणकावरच्या मोटारशर्यतीत सलग सातव्या शनिवारी आपल्या मेव्हण्याकडून हरले. वर मेव्हणा हेडफोनमधून म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी बैलगाडीच घेऊन या!"

एवढा अपमान राज्यावर शत्रू चालून आला होता तेव्हाही झाला नव्हता. महाराजांनी ताबडतोब प्रधानांना बोलावलं आणि प्रधानांनी ताबडतोब आपल्या भाच्याच्या दुकानातून नवा संगणक बनवून आणला. त्यातलं पडद्यावरची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्डच तीन लाखांचं! कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, काचेची. आत सात रंगांचे दिवे. राजवाड्याला दिवाळीच्या रोषणाईची गरज उरली नाही.

पैसे कुठून आले? बोरटेक गावच्या पाण्याच्या पंपासाठी मंजूर झाले होते, तेच. गाव नऊ वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल, असा उदार विचार प्रधानांनी केला होता.

आठव्या शनिवारी महाराजांची गाडी अडखळत अडखळत पहिल्या वळणापर्यंत गेली आणि संगणक खटकन बंद पडला.

"याहून महाग कार्ड घ्यावं लागेल," प्रधान गंभीरपणे म्हणाले.

"तिजोरीत रुपया नाही!" खजिनदार किंचाळले.

नेमकी तेव्हाच बोरटेकची सगुणा पंपाचे पैसे मागायला दरबारात येऊन उभी होती. तिचा बाप गावोगावी शर्यतीच्या बैलांच्या जोड्या लावून द्यायचा. ती मात्र तालुक्याला जाऊन संगणक जोडायला शिकली होती. गावच्या शाळेतले तीन म्हातारे संगणक तिच्याच कृपेने श्वास घेत होते.

"पंप? आधी माझी शर्यत!" महाराज कडाडले. "ऐक पोरी! येत्या शनिवारी हा संगणक मेव्हण्याला हरवेल असा कर. तिजोरीतून छदाम मिळणार नाही. जमलं तर पंप तुझा. नाही जमलं, तर बोरटेकने पुन्हा पाण्याचं नाव काढायचं नाही!"

"म्हणजे पैसे न घेता संगणक नीट करायचा, आणि पंपही त्यातूनच काढायचा?"

"शिकलेली आहे, काढेल की!" प्रधान पोट धरून हसले.

सगुणाने कॅबिनेट उघडलं, आत वाकून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

"महाराज, उद्या सकाळी मैदानावर बैलगाडी हाकाल? बैल तुमचाच, वजीर."

"मेव्हण्याने सांगितलं म्हणून?"

"छे! संगणकाची तपासणी आहे."

सकाळी महाराज गाडीत बसले. जुवाच्या एका बाजूला वजीर, ज्याला बघायला परमुलखातून माणसं येत. दुसऱ्या बाजूला कुंभाराचं म्हातारं गाढव! महाराजांनी आरोळी ठोकली. वजीर उसळला, गाढव जागचं हललं नाही, गाडी गरकन जागच्या जागी फिरली. वजीरने आणखी जोर लावला तशी जुवाची कुजकी दोरी तटकन तुटली. वजीर चाऱ्याकडे गेला आणि महाराज मातीत.

"कोणत्या मूर्खाने लावली ही जोडी?" महाराज धूळ झटकत ओरडले. "ज्याने लावली त्याच्या खिशातून भरपाई घ्या! बैल त्याच्याच गळ्यात मारा!"

"हुकूम लिहून मिळेल, महाराज?"

"आत्ताच्या आत्ता!"

हुकूम लिहिला गेला, शिक्का बसला. सगुणाने कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "जोडी प्रधानजींनी लावली."

"मी? मी या गाडीला बोटसुद्धा लावलं नाही!"

"गाडीला नाही हो, संगणकाला! वजीर म्हणजे तुमचं तीन लाखांचं कार्ड. गाढव म्हणजे प्रोसेसर, संगणकाचा मेंदू. आमच्या शाळेतला याच्यापुढे तरुण आहे! कार्ड धावायला निघतं, प्रोसेसर हलत नाही. आणि कुजकी दोरी म्हणजे वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. कार्डाने जोर केला की संगणक बंद."

"पॉवर सप्लाय बाहेरून दिसत नाही ना..." प्रधान पुटपुटले.

"म्हणून तर भाचेसाहेबांनी तिथे काटकसर केली!"

सगुणाने शिक्क्याच्या हुकुमाची घडी उलगडून प्रधानांपुढे धरली. प्रधानांनी कार्ड परत घेतलं आणि तीन लाख मोजले.

"आता मधल्या दर्जाचं कार्ड घेऊ," सगुणा म्हणाली, "त्याच्या तोडीचा प्रोसेसर, दणकट पॉवर सप्लाय आणि रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या. तिथेही जोडीच लागते. दिवे राहू द्या, तुम्हाला सवय झालीय. उरलेल्या पैशांत पंप!"

"मधल्या दर्जाचं? राजाच्या संगणकात?"

"मेव्हण्यांना कार्डाची किंमत कुठे दिसते, महाराज? त्यांना तुमच्या गाडीची पाठ दिसली की झालं!"

शनिवारी महाराज जिंकले! मेव्हण्याची गाडी शेवटच्या वळणावर झाडावर आदळली हे खरं, पण दरबारी इतिहासकार असल्या किरकोळ गोष्टी लिहीत नसतात.

"दाजी, कार्ड कोणतं घातलंत?" मेव्हण्याने विचारलं.

"कार्ड नाही, गाढव बदललं!" महाराज गरजले आणि सगुणाकडे वळले. "पंप उद्याच बोरटेकला निघेल. पण तो गावाचा. तुला काय हवं ते माग!"

सगुणाने काचेच्या पेटीवर टिचकी मारली. मग रांगेत उभ्या असलेल्या मंत्र्यांकडे, प्रधानांकडे आणि त्यांच्या मागे दडलेल्या भाच्याकडे पाहिलं.

"महाराज, हे कॅबिनेट तर उघडून झालं. आता तुमचं दुसरं कॅबिनेटही एकदा उघडून बघू द्या!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की कानावरचा हेडफोन गळून पडला! प्रधान तेवढे हसले नाहीत. आणि सगुणाला तिथल्या तिथे बक्षीस मिळालं: चांदीच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, आणि तो दरबारात कुठेही चालवायचा शिक्क्याचा परवाना!