पिवळी झूल

त्या खोऱ्याला दोन उतरणी होत्या. उगवतीच्या उतरणीवर मेंढ्या राहत आणि मावळतीच्या उतरणीवरही मेंढ्याच राहत. दोन्हीकडचे गवत सारखे होते आणि थंडीही सारखीच पडे. मधल्या माळावर काळविटे धावत. धावणे हा त्यांचा स्वभावच होता, त्यात मेंढ्यांचे काही येत-जात नव्हते. पण मेंढी स्वतः जरा पळाली की धापा टाकते, म्हणून दुसऱ्याला पळताना पाहणे तिला फार आवडते. गवत वाळायला लागले की दोन काळविटे माळाच्या एका टोकाच्या खडकापासून दुसऱ्या टोकाच्या ओढ्यापर्यंत शर्यत लावत आणि दोन्ही उतरणींवरच्या मेंढ्या रवंथ करीत ती पाहत. जो पुढे जाई त्याला "छान पळाला" असे म्हणून त्या पुन्हा चरायला लागत.

असे किती वर्षे चालले कोण जाणे. मग खोऱ्यात एक साळिंदर राहायला आले.

साळिंदर सभ्य होते. त्याच्या पाठीवर हव्या तेवढ्या सुया होत्या आणि बोलणे इतके मऊ होते की त्या सुयांकडे कुणाचे लक्ष जात नसे. पहिल्या वर्षी त्याने फक्त शर्यत पाहिली. शर्यतीपेक्षा पाहणाऱ्यांकडेच ते जास्त वेळ बघत होते, असे एका टिटवीने नंतर सांगितले. पण टिटवी काहीही सांगते, म्हणून ते कुणी मनावर घेतले नाही.

दुसऱ्या वर्षी साळिंदराने मेंढ्यांची एक अडचण दूर केली. उतरणीवरून पाहताना दोन्ही काळविटे सारखीच दिसत. कोण पुढे आणि कोण मागे, यावरून कुजबूज होई. साळिंदराने हळदीत रंगवलेली एक झूल शिवली आणि एका काळविटावर घातली. जांभळाच्या रसात बुडवलेली दुसरी झूल दुसऱ्यावर घातली. लोकर कुठून आणली? काटेरी झुडपांना मेंढ्यांची लोकर अडकतेच, ती गोळा केली होती. कुणाचे काही गेले नाही. पिवळा पळतो तो तुमचा, असे ते उगवतीच्या मेंढ्यांना म्हणाले, आणि जांभळा तुमचा, असे मावळतीच्या मेंढ्यांना. मेंढ्यांना बरे वाटले. आपले असे त्यांच्यापाशी त्याआधी काहीच नव्हते.

साळिंदराबरोबर एक साळुंकी होती. शर्यत चालू असताना ती ओढ्याकाठच्या झाडावरून ओरडून हकिगत सांगे. तिनेच मेंढ्यांना बोलायला शिकवले. पूर्वी त्या "तो जिंकला" म्हणत, आता "आपण जिंकलो" म्हणू लागल्या. हरल्या तर दोन दोन दिवस चरत नसत. ज्यांनी आयुष्यात कधी चाल सोडून दुडक्यासुद्धा मारल्या नव्हत्या, त्या "आज आपले पाय जड पडले" असे एकमेकींना सांगत.

याच सुमारास उगवतीच्या उतरणीवरच्या भुंड्या नावाच्या मेंढ्याला एक शोध लागला. शर्यत ऐन रंगात आली असताना आपण रवंथ थांबवला की पिवळा पुढे जातो, हा तो शोध. त्याने तो सगळ्यांना सांगितला, आणि पुढच्या शर्यतीला अख्खी उतरण तोंड मिटून उभी राहिली. पिवळा जिंकला. त्यानंतर शर्यतीच्या वेळी रवंथ करणे हा उगवतीवरचा सगळ्यात मोठा गुन्हा झाला. हरले की गुन्हेगाराचा शोध सुरू होई, आणि कुणाच्या तरी तोंडात गवत सापडेच.

साळिंदराने या श्रद्धेची मुळीच चेष्टा केली नाही. त्याने शर्यतीच्या दिवशी न खाण्यासाठी खास गवताच्या पेंढ्या बांधल्या. त्यांवर पिवळा धागा होता. ही पेंढी समोर ठेवायची आणि तिला तोंड लावायचे नाही. साधे गवत न खाण्यात आणि हे गवत न खाण्यात फार फरक आहे, असे साळुंकीने सांगितले आणि तो मेंढ्यांना लगेच जाणवला. पेंढीच्या बदल्यात पाठीवरची मूठभर लोकर द्यायची होती. मूठभर लोकरीने काय होते?

पुढे गळ्यात बांधायचा गोंडा आला, मग शिंगांना लावायचा पट्टा आला. भुंड्याला शिंगे नव्हती तरी त्याने पट्टा घेतला आणि कानांना गुंडाळला. दरवर्षी पिवळ्यात थोडा बदल होई. एका वर्षी उभे पट्टे, पुढच्या वर्षी तिरपे. तिरप्या पट्ट्यांच्या दिवसांत उभ्या पट्ट्यांचा गोंडा घालून येणाऱ्या मेंढीकडे बाकीच्या अशा बघत, की ती बिचारी घरी परत जाई. लोकर कातरायला साळिंदराने उंदीर ठेवले होते. ते हसतमुख होते आणि कातरताना शर्यतीच्या गप्पा मारत. कातरलेली सगळी लोकर गोंड्यांत आणि झुलींत जाते असा समज होता. साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी कधी कुणी गेलेच, तर आत फार ऊब आहे, एवढेच सांगत परत येई.

एका वर्षी मोठी खळबळ झाली. पिवळी झूल घालून पळणारे काळवीट, ज्याला उगवतीवर झुंजार म्हणत आणि ज्याच्या नावाने तिथल्या निम्म्या कोकरांची नावे ठेवली होती, ते जांभळी झूल घालून माळावर उतरले. उगवतीच्या मेंढ्यांनी दिवसभर आक्रोश केला. त्यांनी झुंजारला खाल्ल्या गवताला न जागणारा म्हटले. वास्तविक त्याने त्यांचे गवत कधी खाल्लेच नव्हते. पिवळ्या झुलीत त्या दिवशी कुणी तरी नवे काळवीट होते. त्याचे नाव पुष्कळांना शेवटपर्यंत कळले नाही. पण शर्यत सुरू झाली आणि ओढा येईपर्यंत मेंढ्यांना तेच लहानपणापासून आपले वाटू लागले. साळिंदर त्या दिवशीही शर्यतीकडे पाहत नव्हते.

त्यानंतर नियमात एक दुरुस्ती झाली. ओढ्यापाशी कुणाचे शिंग आधी पोचले आणि कुणाचे नाक, यावरून वाद होत. यापुढे ज्या रंगाची झूल ओढा आधी ओलांडेल तो रंग जिंकला, असे ठरले. लांबून तेवढेच दिसते, त्यामुळे दोन्ही उतरणींना ही दुरुस्ती अगदी न्याय्य वाटली.

उगवतीच्या उतरणीवर पिंगळी नावाची एक मेंढी होती. भुंड्या तिचा सख्खा भाऊ. शर्यत तिलाही आवडे. तिच्या गळ्यात गोंडा होता आणि शर्यतीला तीही तोंड मिटून उभी राही. पण त्या वर्षी तिला अवेळी कोकरू झाले. इतर कोकरे मोठी होऊन उड्या मारत होती तेव्हा हे नुकते पायांवर उभे राहत होते, आणि त्याच्या अंगावर लोकर म्हणावी असे काही नव्हते. ते आईच्या पोटाखाली, तिच्या लोंबत्या लोकरीत शिरून झोपे. थंडी तोंडावर आली होती.

नेमक्या त्याच वर्षी साळिंदराने पिवळी महाझूल जाहीर केली. आजवर झाली नाही एवढी मोठी, माळाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसेल अशी. तिच्यासाठी प्रत्येक मेंढीने मूठभर नव्हे, अंगावरची सगळी लोकर द्यायची. "सक्ती मुळीच नाही," साळिंदर पुन्हा पुन्हा सांगत होते. "ज्यांचे खरे प्रेम आहे त्यांच्यासाठीच ही संधी आहे." मग उतरणीवरची प्रत्येक मेंढी कातरून घ्यायला रांगेत उभी राहिली. दोन दिवसांत सगळी उतरण गुलाबी आणि उघडी दिसू लागली. फक्त पिंगळी तेवढी राहिली.

भुंड्या तिच्याकडे आला. त्याच्या अंगावर काटा उभा होता, पण तो थंडीचा आहे असे भुंड्या मानत नव्हता.

"पिंगळे, समद्यांनी दिली. तूच एकली ऱ्हायलीस."

"दादा, लेकरू बघ की माझं. त्याला पांघराय दुसरं काय हाय?"

"लेकराला कोंडाळं हाय की. आजवर कंदी थंडीनं कुणाचं लेकरू गेलंय व्हय?"

हे खरे होते. थंडी वाढली की मेंढ्या कोंडाळे करून उभ्या राहत. मोठी जनावरे बाहेरच्या बाजूला वाऱ्याकडे पाठ करून उभी राहत आणि कोकरे आत. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

"मंग घ्या की त्याला आत," पिंगळी म्हणाली.

भुंड्याने मान खाली घातली. "म्हातारे म्हणत्यात, जिनं झुलीला लोकर दिली न्हाई तिचं लेकरू कोंडाळ्यात न्हाई. म्या लई भांडलो तुज्यासाठनं, खरंच सांगतो. पर त्यांचंबी बरोबर हाय ना गं. आपलं म्हणायचं तर समदं आपलं म्हणाय पायजे."

हा नियम साळिंदराने केला नव्हता. त्याला तो माहीतही नसावा.

पिंगळी दिवसभर कोकराला पोटाखाली घेऊन उभी राहिली. लोकर ठेवली तर कोंडाळे जाते आणि कोंडाळे ठेवले तर लोकर जाते. एका मेंढीची लोकर पहिल्या थंडीला पुरेल, पण पुढच्या कडाक्याला पुरणार नाही. कोंडाळे आजवर नेहमी पुरले होते. संध्याकाळी ती उंदरांकडे गेली. ते तिच्याशी फार प्रेमाने वागले. "आता कसं," असे सगळ्या मेंढ्या म्हणाल्या, तिला अंग घासून गेल्या, आणि खोटे कशाला सांगा, पिंगळीला त्या वेळी मनापासून आनंद झाला. एकटे पडणे काय असते ते तिने दोन दिवस पाहिले होते.

त्या आठवड्यात थंडी पडली. कोंडाळे झाले, पिंगळीच्या कोकराला अगदी मधोमध जागा मिळाली. पण उघड्याला उघडे टेकले होते आणि त्यांच्या मधून वारा सरळ जात होता. कोकरू थरथरत राहिले. शर्यत जिंकली की ऊब येईल, असे भुंड्या म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते, पण त्याचा त्यावर पुरता विश्वास होता.

शर्यतीच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. महाझूल खरोखरच भव्य होती. काळविटाचे फक्त खूर आणि शिंगांची टोके तेवढी बाहेर दिसत होती. आत कोणते काळवीट आहे हे ओळखू येत नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. उतरणीवर प्रत्येकीपुढे न खाण्याची पेंढी होती. सगळ्या तोंडे मिटून उभ्या राहिल्या.

निम्म्या माळापर्यंत जांभळा पुढे होता. मग पिवळ्या झुलीतल्या काळविटाचा पाय तिच्या घेरात अडकला आणि ते कोसळले. झूल त्याच्या अंगावरून निसटली, वाऱ्याने ती उचलली, फुगवली, आणि ती जमिनीपासून हातभर उंचीवरून एकटीच पुढे निघाली. झूल जांभळ्याच्या बाजूला आली. मग त्याच्या पुढे गेली. मग तिने ओढा ओलांडला.

मग साळुंकी ओरडली, "आपण जिंकलो!"

नियम स्पष्ट होता. उगवतीची उतरण अशी गरजली की मावळतीच्या मेंढ्यांनी माना खाली घातल्या. भुंड्या रडत होता. पडलेले काळवीट उठले, त्याने अंग झटकले, आपल्याकडे कुणीच पाहत नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि ते माळावर चरायला लागले.

झूल ओढ्यापलीकडच्या बोरीच्या काट्यांत अडकली. सगळी उतरण धावत तिकडे गेली, ज्या कधी धावल्या नव्हत्या त्यासुद्धा. पिंगळी कोकराला ढकलत, उचलत शेवटी पोचली. कोकराचे पाय आता त्याला धरत नव्हते. तिने वर पाहिले. झुलीचा एक कोपरा तिच्या तोंडाशी लोंबत होता. लोकर जाड होती, उबदार होती, तिच्यात अख्ख्या उतरणीचा वास होता. तिने तो कोपरा दातांत धरला आणि ओढला. झूल थोडी खाली आली आणि कोकराच्या पाठीवर टेकली. कोकराने डोळे मिटले. ते थरथरायचे थांबले.

"ए! फाडती का काय ती!" कुणी तरी ओरडले.

भुंड्याच सगळ्यात आधी मधे आला. "पिंगळे, सोड. सोड म्हंतो ना. असं करत्यात व्हय कुणी आपल्या झुलीला?"

तिने सोडले नाही. मग त्याने तिला डोक्याने धक्का दिला. जोरात नाही, पण तिच्या दातांतून कोपरा सुटला. वाऱ्याने झूल पुन्हा वर उचलली आणि ती काट्यांवर फडफडू लागली. एक धागा उसवला. मेंढ्यांमधून हळहळ उमटली.

आणखी उसवू नये म्हणून थोराड मेंढ्यांनी बोरीभोवती जागा घेतल्या. मागून बाकीच्या आल्या. अंगाला अंग लावून, वाऱ्याकडे उघड्या पाठी करून, त्यांनी बोरीभोवती घट्ट कोंडाळे केले. आत वारा पडला आणि झूल शांत लोंबू लागली.

आत झुलीखाली राहिलेले पिंगळीचे कोकरू कसेबसे उठले. आईच्या पुढून निघून, दोन मेंढ्यांच्या मधली फट शोधून ते बाहेरच्या बाजूला उभे राहिले आणि त्यानेही वाऱ्याकडे पाठ केली.